डेरेकचं काँक्रीट

कमलाकर दिवेकरांनी एकतीस वर्षं मँचेस्टरमध्ये लोकांचे गुडघे बदलले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या बायकोला असं घर घेऊन दिलं, की बाथरूमला जायचं तर तेरा पायऱ्या चढायच्या. पायऱ्याही साध्यासुध्या नव्हेत. दगडी, वळणाच्या, मधोमध खचलेल्या, आणि कठड्याच्या नावाखाली भिंतीला अडकवलेला एक जाडजूड दोर. "सतराशे सत्त्याण्णवपासून माणसं हा जिना चढताहेत," असं कमलाकरराव आल्यागेल्याला सांगत. सतराशे सत्त्याण्णवपासून किती माणसं त्यावरून गडगडली, याचा आकडा मात्र त्यांच्या कागदपत्रांत कुठे नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत त्या न मोजलेल्या आकड्यात एकाची भर पडली. नीनाताई शेवटच्या तीन पायऱ्यांवरून बसत-बसत खाली आल्या आणि मनगट मोडून घेतलं. एक गुडघा आधीच बदललेला, दुसरा वेटिंग लिस्टवर. मुलगी देवयानी केंब्रिजहून धावत आली आणि तिने निकाल देऊन टाकला. "दिवाळीपर्यंत खाली बाथरूम झालं तर ठीक. नाहीतर घर विका आणि आमच्याजवळ फ्लॅट घ्या. तिथे लिफ्ट आहे."

नीनाताईंना लिफ्ट नको होती. खरं सांगायचं तर सहा वर्षांपूर्वी त्यांना हे घरही नको होतं. ट्राम जिथे संपते तिथून पुढे बसने वीस मिनिटं, डोंगरउतारावर एकाला एक चिकटलेली दगडी घरं आणि बाराही महिने भिजलेल्या मेंढ्या. पण आता मागच्या अंगणात त्यांची मेथी होती, शेजारच्या बायांबरोबर मंगळवारचं विणकाम होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची अख्खी दरी दिसत होती. मुलगी गुणाची होती, जावई सुश्रुतही गुणाचा. पण त्यांच्या घरी चहाला जायचं तरी आठवडाभर आधी कॅलेंडरमध्ये जागा बघावी लागे. नीनाताईंना इथेच राहायचं होतं. त्यासाठी खाली एक बाथरूम हवं होतं, बस्स. ताजमहाल मागितला नव्हता त्यांनी.

पण हे घर म्हणजे ग्रेड टू लिस्टेड बिल्डिंग! म्हणजे जपायच्या जुन्या घरांच्या सरकारी यादीतलं. लिस्टेड म्हणजे काय, ते आधी ऐका. घर तुमचं, छत गळलं तर बादली तुमची, थंडी वाजली तर हाडं तुमची. पण भिंतीला खिळा ठोकायचा तर कौन्सिलला अर्ज करायचा. कमलाकरराव या गोष्टीवर इतके खूश होते, की जणू त्यांना स्वतःलाच लिस्टेड केलंय.

तसं घर होतं विणकराचं. राजाचं नाही, सरदाराचं नाही. दीड हात जाडीच्या भिंती, छपराला कौलांऐवजी दगडी पाट्या, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने नऊ खिडक्या, मागांवर उजेड पडावा म्हणून. खालच्या दाराची चौकट इतकी बुटकी, की कमलाकररावांचं कपाळ आठवड्यातून दोनदा तरी तिला भेटायचं. "ओरिजिनल लिंटेल आहे," ते कपाळ चोळत म्हणायचे.

खरी गंमत समोरच्या खोलीत होती. या खोलीला नीनाताई समोरची खोली म्हणत आणि कमलाकरराव 'कलेक्शन' म्हणत. तिथे काचेच्या कपाटात गंजके खिळे, मागाचे मोडके धोटे आणि अंगणात सापडलेल्या चिनी मातीच्या खापऱ्या मांडून ठेवल्या होत्या. आणि भिंतीवर, आपल्याकडे वाडवडिलांचे फोटो टांगतात त्या उंचीवर, सोनेरी चौकटीत घराच्या मालकांची यादी. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर कमलाकरराव छताकडे बघत. पण जोनाथन ऑग्डेन, हातमाग विणकर, याच्या मुलाने घर एन्टविसल नावाच्या जोडे बनवणाऱ्याला कोणत्या साली विकलं, ते झोपेतून उठवलं तरी सांगत. पाहुण्यांना चहा मागून मिळायचा, आधी ही वंशावळ. यादीत सात नावं होती, सातही पुरुषांची. सर्वांत खाली, इतरांपेक्षा अंमळ मोठ्या अक्षरात, 'मिस्टर के. डी. दिवेकर, एफआरसीएस'. घराच्या कागदांवर नीनाताईंचीही सही होती. पण चौकटीत जागा पुरली नाही म्हणे.

कमलाकररावांच्या वरचं, सहावं नाव डेरेक हार्ग्रीव्ज. बस ड्रायव्हर. एकोणीसशे एकाहत्तर ते दोन हजार बारा. त्याच्यापुढे कमलाकररावांनी बारीक लाल अक्षरात लिहिलं होतं, 'विध्वंसक'. कारण याच डेरेकने समोरच्या खोलीतल्या पावणेदोनशे वर्षं जुन्या दगडी फरशा उखडून तिथे काँक्रीट ओतलं होतं. कमलाकररावांनी त्यावर भलामोठा गालिचा अंथरला होता. पाहुण्यांसमोर त्याचा कोपरा वर करून ते ती करडी फरशी दाखवत आणि अशा चेहऱ्याने पुन्हा झाकत, की खाली मुडदा आहे.

डेरेक वारल्यावर त्याची बायको मॉरीन एकदा येऊन गेली होती. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत. कमलाकररावांनी तिला चाळीस मिनिटं घर दाखवलं. जिने तिथे एक्केचाळीस वर्षं काढली, तिला! मग ते फोनवर गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली आणि नीनाताईंनी तिला आल्याचा चहा दिला. ती म्हणाली, "डेरेकची आई शेवटची सहा वर्षं त्या समोरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. खालून ओल यायची गं, दगडातून पाणी पाझरायचं, तिचा खोकला थांबेना. म्हणून डेरेकने काँक्रीट ओतलं. दोन रविवार एकट्याने खपत होता. आईला मीठ भाकरी घालणं वेगळं आणि कोरडी जमीन देणं वेगळं, असं काहीसं तो म्हणायचा." नीनाताईंनी हे कमलाकररावांना सांगितलं. ते म्हणाले, "घराच्या डीड्समध्ये असं काही नाही."

तर आता अर्ज. बाथरूम कुठे काढायचं? मागच्या कोठीच्या खोलीत, असं कमलाकररावांनी ठरवलं. त्यासाठी पाइप स्वयंपाकघराच्या फरशीखालून पुढच्या रस्त्यापर्यंत न्यावा लागणार होता. समोरच्या खोलीत का नाही? "अशक्य!" कमलाकरराव म्हणाले. का अशक्य, हे त्यांनी सांगितलं नाही आणि काचेच्या कपाटाकडे बघून नीनाताईंनी ते विचारलं नाही.

अर्जाला जोडायला घराचं ऐतिहासिक महत्त्व सांगणारं एक निवेदन लागतं. लोक चार पानांचं देतात. कमलाकररावांनी सेहेचाळीस पानांचं लिहिलं. त्यात स्वयंपाकघराच्या फरशीबद्दलच तीन पानं. 'सतराशे सत्त्याण्णवपासून या फरशीला मानवी हात लागलेला नाही.' नीनाताईंनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे आपण बाथरूम मागतोय की बाथरूम देऊ नका म्हणून विनवतोय?"

"इतिहासाशी प्रामाणिक राहायला हवं," कमलाकरराव म्हणाले.

प्रामाणिक! त्या फरशीला मानवी हात लागला होता, चांगला आठ-दहा जणांचा, आणि कमलाकररावांच्या देखत. सहा वर्षांपूर्वी, वास्तुशांतीच्या दिवशी.

वास्तुशांत म्हटली की वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरायची. फ्लॅटमध्ये लोक एखाद्या टाइलखाली भागवतात. पण वेम्बलीहून आलेले गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार एका बँकेत डेटा-ॲनालिस्ट होते आणि म्हणून शनिवार-रविवार अंमळ जास्तच कडक होते, म्हणाले, "जमीन आहे तर जमिनीतच." आग्नेय कोपरा आला स्वयंपाकघरात. मुहूर्त होता अकरा बेचाळीसचा. सुश्रुतने सोवळं नेसून पहार घातली आणि लिस्टेड बिल्डिंगची लिस्टेड फरशी उचलली. त्या वेळी कौन्सिल कोणालाच आठवली नाही. मुहूर्त आठवत होता.

फरशीखाली मातीत एक जोडा निघाला. एकच, एका पायाचा. लाकडी तळ, वर काळं पडलेलं चामडं, तळाला नालेसारखी बारकी लोखंडी पट्टी. दोन-अडीच वर्षांच्या पोराच्या पायाचा.

"छे छे छे!" गुरुजी दोन पावलं मागे सरले. "वास्तुपुरुषाच्या जागी पादत्राण? काढा आधी!"

कमलाकररावांनी, इतिहासाच्या त्या पुजाऱ्याने, जोडा वर्तमानपत्रात गुंडाळला, बाहेर नेऊन कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला आणि हात धुतले. गंजका खिळा कपाटात जातो. पण जोडा तो जोडा! मग गोमूत्र शिंपडलं, चांदीचा वास्तुपुरुष मातीत ठेवला, फरशी जेवणं झाल्यावर बसवू म्हणून पानं मांडायला घेतली.

जेवणानंतर पाहुण्यांना घेऊन कमलाकरराव वर नऊ खिडक्या दाखवायला गेले. नीनाताई खाली एकट्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोरून तो जोडा हलेना. सांगलीला वडिलांनी घर बांधलं तेव्हा गवंड्याने परांचीला फाटकी चप्पल बांधून टांगली होती, घराला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. ट्रकच्या मागे बांधतात तशी. या घरातही कोणा बाईने आपल्या लेकराचा जोडा तशाच मायेने पुरला असणार. तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, तिच्या पोराचं तर नव्हतंच. आणि आपण तो बटाट्याच्या सालींत टाकला? नीनाताईंना स्वतःची लाज वाटली. त्या बाहेर गेल्या, बिनमध्ये कोपरापर्यंत हात घातला, जोडा काढला, पुसला आणि वास्तुपुरुषाच्या शेजारी नेऊन ठेवला. वर माती लोटली. सुश्रुतने खाली येऊन फरशी बसवली आणि फटी पांढऱ्या सिमेंटने भरल्या. तेव्हापासून सणावाराला नीनाताई त्या कोपऱ्यात नैवेद्याच्या दोन वाट्या ठेवत. दुसरी कोणाची, हे कोणी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या इतिहास मंडळात व्याख्यान झालं. कमलाकरराव उड्या मारत गेले आणि तोंड पाडून परत आले. जुन्या घरांत चुलीपाशी, उंबऱ्याखाली, फरशीखाली मुलाचा जोडा पुरायची इकडची रीत होती, आणि असा जोडा जागच्या जागी सापडणं म्हणजे भाग्य, असं वक्त्याने सांगितलं होतं. कमलाकररावांना जेवण जाईना.

"नीना," त्यांनी विचारलं, "आपला बिन कधी नेतात गं?"

"चार वर्षांपूर्वीचा ना? तो नेला हो त्यांनी," नीनाताई म्हणाल्या आणि आमटी वाढली. खरं सांगून टाकावं असं त्यांना दोनदा वाटलं. पण चौकटीतली ती सात नावं आठवली आणि त्यांनी ठरवलं, अजून थोडं शिजू दे.

असो. सप्टेंबरातल्या एका सकाळी कौन्सिलची कन्झर्वेशन ऑफिसर आली. मिस व्हिटेकर, तिशीची, हातात टॉर्च आणि दोन्ही गुडघ्यांना पॅड बांधलेले. नीनाताईंना ती तिथेच आवडली.

ती स्वयंपाकघरात रांगत-रांगत फिरली. आग्नेय कोपऱ्यापाशी थांबली. नखाने फट कोरली.

"मिस्टर दिवेकर, हे सिमेंट नवं आहे. ही फरशी उचललेली आहे."

कमलाकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. परवानगीशिवाय लिस्टेड घराची फरशी उचलणं हा इथे गुन्हा आहे, हे त्यांनीच निवेदनाच्या एकोणिसाव्या पानावर तळटीपेत लिहिलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"डेरेक हार्ग्रीव्ज," ते म्हणाले. "आधीचा मालक. समोरची खोली त्यानेच नासवली. इथलीही सगळी फरशी त्यानेच उचलून परत टाकली असणार."

"पण तुमच्या निवेदनात तर हात लागला नाही म्हटलंय."

"नवी माहिती हाती आलीय."

मिस व्हिटेकरने वहीत टिपून घेतलं. "मग तर तुमचं काम सोपं झालं. सगळी फरशी एकाहत्तर सालात उचलली गेली असेल, तर पाइपला हरकत घेण्यासारखं काही राहत नाही. मंजुरी द्यायला अडचण दिसत नाही."

नीनाताईंचा जीव भांड्यात पडला. झालं! खाली बाथरूम, दिवाळी, मेथी, मंगळवारचं विणकाम, सगळं जागच्या जागी. फक्त गप्प बसायचं होतं. पन्नास वर्षांच्या संसारात ही एक कला त्यांना उत्तम साधली होती.

पण त्यांच्यासमोर मॉरीन दिसू लागली, आल्याच्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेली. तिचा नवरा, ज्याने आईच्या खोकल्यासाठी दोन रविवार काँक्रीट कालवलं, तो लाल अक्षरात विध्वंसक. आणि आता ज्या फरशीला त्याने बोटही लावलं नाही, तिचं पापही त्याच्याच माथी? सरकारी वहीत? कायमचं? तो मेलाय, तो येऊन काय सांगणार, म्हणून?

"नाही," नीनाताई म्हणाल्या. "डेरेकने नाही उचलली. आम्ही उचलली. सहा वर्षांपूर्वी."

"नीना, गप्प बस ना!" कमलाकरराव मराठीत फुसफुसले.

"अहो, सहा वर्षं गप्पच आहे की," नीनाताई म्हणाल्या, आणि मिस व्हिटेकरकडे वळल्या. "ती फरशी उघडा. खाली आमचा देव आहे, आणि तुमचाही काहीतरी आहे."

कमलाकरराव मटकन खुर्चीवर बसले. "नीना, नाहीये गं ते आता खाली," ते म्हणाले, आणि मग इंग्रजीत, सरळ मिस व्हिटेकरला, "एक जोडा निघाला होता. मुलाचा. मी बिनमध्ये टाकला. मी स्वतः. मला माहीत नव्हतं." सेहेचाळीस पानांत जे लिहिलं नाही, ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

मिस व्हिटेकरने हळूहळू सिमेंट कोरलं, पहारीने फरशी कलती केली आणि ब्रशने माती बाजूला सारली. आधी चांदी चमकली. मग, तिला टेकून, तो इवलासा जोडा.

"ओह," मिस व्हिटेकर म्हणाली.

कमलाकररावांनी वाकून पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. "तू?"

"मी. बिनमध्ये हात घालून काढला. तुम्ही वर खिडक्या मोजत होता."

त्यांचे डोळे भरून आले. चष्मा काढून ते पुसत राहिले, आणि नीनाताईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची दया आली. दोन वर्षं शिजवलं ते जरा जास्तच झालं, असं वाटून गेलं.

मिस व्हिटेकरने फोटो काढले, माप घेतलं, चांदीच्या प्रतिमेबद्दल विचारलं. नीनाताईंनी वास्तुपुरुष समजावला, सांगलीची चप्पल समजावली, ट्रकसुद्धा समजावला. पोरगी भराभर लिहीत होती. "आणि हे दोन्ही शेजारी कोणी ठेवलं? पूर्ण नाव?"

"नीना कमलाकर दिवेकर," त्यांनी सांगितलं आणि स्पेलिंगही सांगितलं. घराच्या दफ्तरात तेवढी एक बाई लागली.

मग मिस व्हिटेकर उठली, पॅड झटकले आणि तिचा चेहरा कौन्सिलचा झाला. परवानगीशिवाय फरशी उचलल्याबद्दल कडक पत्र येईल. जोडा आणि प्रतिमा दोन्ही आहे तिथेच राहतील, त्यांची नोंद होईल. "आणि सॉरी, मिसेस दिवेकर. आता या फरशीखालून पाइप नेता येणार नाही. इथे आणखी काय असेल सांगता येत नाही. या खोलीत एक दगडही हलवायचा नाही."

नीनाताईंनी मान डोलावली. वाईट वाटलं, फार वाटलं. खिडकीतून दरी दिसत होती, तिच्याकडे त्यांनी बघायचं टाळलं. लिफ्ट, कॅलेंडर, केंब्रिज. स्वतःच्याच तोंडाने घालवलं. तरी शब्द मागे घ्यावेत असं मात्र वाटेना.

मिस व्हिटेकर जाता-जाता समोरच्या खोलीच्या दारात थबकली. "आणि इथे?"

"इथे काही नाही!" कमलाकरराव तीरासारखे पुढे झाले. कपाळ चौकटीवर आपटलं. "इथे बघण्यासारखं काहीच नाही. डेरेकने सगळं घालवलंय."

तिने गालिच्याचा कोपरा उचलला आणि टाचेने खाली ठोकलं. भरीव, बद्द आवाज आला.

"एकाहत्तर सालचं काँक्रीट," ती म्हणाली. "याला शून्य महत्त्व आहे. हे खुशाल फोडा. रस्त्यावरचं गटारही इथून चार पावलांवर आहे. तुम्ही आधीच या खोलीचा अर्ज का नाही केला?"

कमलाकररावांनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. मग बायकोच्या गुडघ्यांकडे पाहिलं. एकतीस वर्षं जे गुडघे सोडून बाकी सगळ्या मँचेस्टरचे पाहिले, ते.

"करतो," ते म्हणाले. "उद्याच करतो. चार पानांचा."

दिवाळी हुकली, पण देवयानीने मुदत वाढवून दिली. गंजके खिळे आणि खापऱ्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या, जिथे नऊ खिडक्यांचा उजेड आहे आणि पाहुणे धापा टाकत पोचतात. मालकांची यादी कुठे लावायची, हा प्रश्न नीनाताईंनी सोडवला. "आतच लावा की. तिथे माणूस निवांत असतो, वाचेल तरी." कमलाकररावांनी ती नव्याने लिहून काढली. शेवटच्या ओळीत आता दोन नावं आहेत, एकाच मापाच्या अक्षरांत. आणि सहाव्या नावापुढचा लाल शब्द गाळून त्यांनी काळ्या शाईत लिहिलं, 'याने आईसाठी जमीन कोरडी केली.' डीड्समध्ये असं काही नाही, हे त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही.

फेब्रुवारीत, पडल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या सकाळी, नीनाताई स्वयंपाकघरातून निघाल्या, सपाट जमिनीवरून सात पावलं चालल्या आणि नव्या बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या. एकही पायरी नव्हती. पायाखाली कोरडं ठक्क होतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, यादीतल्या सहाव्या नावाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "थँक यू हं, डेरेक."